सहावीतल्या मुलाला डावपेचांचा व्हिडिओ गेम द्यावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगा सहावीत, वय अकरा. मामाने अमेरिकेहून येताना निन्टेन्डो स्विच हा गेम कन्सोल आणला. मामेभाऊ खेळतो म्हणून आता यालाही ‘फायर एम्ब्लेम: थ्री हाउसेस’ हवाय. त्याच्या आईचा विरोध आहे, कारण खेळभर युद्ध आहे आणि माणसं मरतात. तुमचे एक सहकारी म्हणतात की हे बुद्धिबळच आहे, मुलाचं डोकं चालेल, बिनधास्त द्या. कोणाचं ऐकायचं, हे तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात शाळेत समुपदेशक आहे, दोन मुलांची आई आहे आणि शनिवारी कोथरूडला मुलांचा एक खेळगट घेते. त्यात पटावरचे खेळ असतात आणि या जातीचे व्हिडिओ गेमही असतात. माझ्या अनुभवात आईचं म्हणणंही खरं आहे आणि तुमच्या सहकाऱ्यांचंही. युद्ध आहेच, डोकंही लागतंच. पण तुमच्या मुलाला हा गेम मानवेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरेल: डाव अंगाशी आला की तो काय करतो, आणि त्या वेळी शेजारी बसून त्याच्याशी बोलायला घरात कोणी आहे का. पहिली गोष्ट तुम्हाला बघून कळेल, दुसरी तुमच्या हातात आहे.

ज्यांनी हे गेम पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. पट चौकोनांचा किंवा षटकोनांचा असतो. आपल्याकडे आठ-दहा जणांची तुकडी. आधी आपण सगळ्यांना हलवायचं, मग शत्रू हलतो, मग पुन्हा आपण. इथपर्यंत बुद्धिबळासारखं. पण बुद्धिबळात उंट कायम उंटच राहतो. इथे प्रत्येकाला नाव, स्वभाव, मैत्री असते आणि लढत लढत तो तयार होत जातो. शिवाय नशीब असतं. वार लागण्याची शक्यता ७० टक्के अशी पडद्यावर दिसते, आणि तरीही तो चुकू शकतो. ग्रँडमास्टर अभिजित कुंट्यांच्या पुण्यात बुद्धिबळाला मान आहे आणि तो असायलाच हवा, पण हा खेळ त्याहून वेगळा. ‘बुद्धिबळच आहे’ म्हणून दिलात तर मूल पहिल्याच चुकलेल्या वाराला चिडेल आणि तुम्हाला कारण कळणार नाही.

आता या जातीचा एक मोठा फायदा, जो पालकांना कोणी सांगत नाही. हा खेळ कधीही थांबतो. बीजीएमआय किंवा तसल्या ऑनलाइन सामन्यात मूल ‘पाच मिनिटं थांब ना’ म्हणतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. मध्येच उठलं तर डाव जातो आणि साथीदार शिव्या घालतात. इथे शत्रू तुमच्या चालीची वाट बघत उभा असतो. स्विचचं बटण दाबून तो झोपवला की लढाई आहे तिथेच गोठते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होते. त्यामुळे ‘जेवायला ये’ या हाकेला उठणं हा इथे रास्त नियम आहे आणि तो पहिल्या दिवसापासून लावा. निन्टेन्डोचं पालकांसाठीचं अ‍ॅप आहे, त्यात रोजची वेळ ठरवता येते. वेळ संपली की नुसता गजर वाजवायचा की गेमच बंद पाडायचा, हेही निवडता येतं. मी गजर सुचवते. मुलाने स्वतः बटण दाबायला शिकणं महत्त्वाचं. यंत्राने हातातून काढून घेतलं की सगळा राग तुमच्यावर निघतो आणि शिकणं राहून जातं.

आता आईचा मुद्दा. तो ‘मारामारी’ एवढ्यावर सोडून देऊ नका, कारण थ्री हाउसेसमध्ये जड गोष्ट तलवार नाहीच. युरोपच्या पेगी वर्गीकरणात हा गेम १२ वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि अमेरिकेच्या ईएसआरबीने त्याला किशोरांच्या गटात टाकलंय. पडद्यावर रक्तबंबाळ असं फारसं नसतं. जड आहे ती त्यातली कथा. आपण एका मठातल्या विद्यालयात शिक्षक असतो आणि तीन गटांपैकी एक निवडतो. मुलांबरोबर जेवण, चहा, बागकाम, वाढदिवस, सगळं होतं. मग कथेत पाच वर्षं उलटतात, युद्ध पेटतं आणि ज्या दुसऱ्या गटातल्या मुलांबरोबर कालपर्यंत चहा घेतला तीच समोर शस्त्र घेऊन उभी राहतात. मोठ्यांच्याही घशात आवंढा येतो असे प्रसंग त्यात आहेत. काही मुलं हे छान पेलतात, रात्री येऊन विचारतात, ‘ती वाईट नव्हती, मग का लढलो आपण?’ हा प्रश्न अकराव्या वर्षी पडणं मला तरी मोलाचं वाटतं. पण काही मुलं तिथे गप्प होतात, गेम सोडतात, झोपेत दचकतात. तुमचा मुलगा कोणत्या बाजूचा, हे आईला माहीत असणार. गोष्टीच्या पुस्तकात एखादं आवडतं पात्र मेलं तेव्हा त्याने काय केलं होतं? तिथून अंदाज बांधा.

यालाच जोडून एक तांत्रिक बाब. फायर एम्ब्लेम ही मालिका १९९० पासून चालू आहे आणि तिची ओळखच ही की लढाईत पडलेला माणूस परत येत नाही. याला ‘क्लासिक’ मोड म्हणतात. पुढे ‘कॅज्युअल’ मोड आला, त्यात पडलेले पुढच्या लढाईला पुन्हा हजर असतात. थ्री हाउसेस सुरू करताना दोन्हींतलं एक निवडावं लागतं. अकराव्या वर्षी पहिल्यांदा खेळताना कॅज्युअलच घ्या. मामेभाऊ ‘क्लासिकच खरा’ म्हणून चिडवेल, चिडवू दे. क्लासिकमध्ये या वयाची मुलं धाडस करत नाहीत. एक जण पडला की सगळी लढाई पुसून पहिल्यापासून सुरू करतात, आणि त्यात खेळाचा जीव जातो.

आणि इथे मी माझ्या मूळ मुद्द्यावर येते. गटात सातवीतला एक मुलगा होता, हुशार, चपळ, पण घाईचा. थ्री हाउसेसमध्ये एक सोय आहे, घड्याळ मागे फिरवून लढाईत आधीच्या कुठल्याही चालीपर्यंत परत जाता येतं, पण मोजक्याच वेळा. याची मर्सिडीज, म्हणजे तुकडीतली जखमींना बरं करणारी हीलर, शत्रूच्या बाणाने पडली. त्याने एक चाल मागे घेतली, तिला एक घर डावीकडे ठेवलं. पुन्हा पडली. पुन्हा मागे, आता झाडीत ठेवलं. पुन्हा पडली. त्याचे कान लाल झाले आणि ‘गेम चीटिंग करतो’ सुरू झालं. मी त्याला म्हटलं, मर्सिडीजला सोड, मला सांग डिमित्री कुठे आहे? डिमित्री, म्हणजे त्याचा सगळ्यात जबर भालाईत, दोन टर्न आधीच एका पळणाऱ्या शत्रूमागे पटाच्या कडेला गेला होता. मधली जागा मोकळी. तिथून बाण येणारच होते. मर्सिडीज डावीकडे असो की उजवीकडे. गेममध्ये शत्रूचा वार कुठवर पोचतो ते लाल रंगात दिसतं. आम्ही दोन टर्न मागे गेलो, लाल भाग बघितला, डिमित्रीला परत बोलावलं. लढाई निघाली.

चूक जिथे दिसते त्याच्या कितीतरी आधी ती झालेली असते, हे मला त्या मुलाला सांगावं लागलं नाही. पुढच्या शनिवारी तो दुसऱ्या एका मुलीला विचारत होता, ‘तुझा टँक कुठे गेला ते आधी बघ.’ टँक म्हणजे पुढे राहून मार झेलणारा दणकट गडी. माझ्या मते या खेळांत मुलांना मिळण्यासारखं जे आहे ते हे. पण मागे फिरवायची सोय हातात आहे म्हणून ते आपोआप मिळत नाही. शेजारी कोणी नसेल तर मूल एक चाल मागे, एक चाल मागे करत राहतं, सोय संपली की रीसेट मारतं आणि शेवटी नशिबाने जिंकतं. मग तासन्‌तास खेळूनही हाती फक्त चिडचिड. म्हणून मी पालकांना सांगते, पहिल्या काही लढायांना बसा. तुम्हाला खेळता यायची गरज नाही. दोनच प्रश्न विचारा: ‘आता शत्रू काय करेल असं तुला वाटतं?’ आणि हरल्यावर, ‘हे कधी बिघडायला लागलं?’ उत्तर तुम्ही देऊ नका. त्याला शोधू द्या, वेळ लागला तरी.

जागेचं महत्त्व मात्र आपल्या मुलांना शिकवावंच लागत नाही. अरुंद वाट दिसली की गटातलं कोणीतरी ओरडतंच, ‘घोडखिंड!’ १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना मूठभर माणसांना मोठी फौज का थोपवता आली, हे दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या पोराला बरोबर कळतं. मग ते चिलखतवाल्या जाड्या योद्ध्याला पुलाच्या तोंडाशी उभं करतात आणि ‘याला बाजीप्रभू करा’ म्हणतात. एकदा एका मुलीने असाच खिंड लढवायला उभा केलेला गडी शेवटच्या टर्नला पडला आणि ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘पुस्तकात वाचताना मला फक्त भारी वाटायचं.’ त्या दिवशी आम्ही पुढचा मॅप लावलाच नाही, गप्पाच मारल्या.

टक्केवारीबद्दलही थोडं, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात. ७० टक्के म्हणजे लागणारच, असं मुलांना (आणि आपल्यालाही) वाटतं. मी एका डबीत दहा चिठ्ठ्या ठेवते, सात निळ्या, तीन पांढऱ्या. काढायची, रंग लिहायचा, परत टाकायची. पांढरी लागोपाठ दोनदा येते तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. सहावीत शेकडेवारी शिकतात, पण ती अशी बोटांना लागलेली नसते. गंमत म्हणजे फायर एम्ब्लेमच्या बऱ्याच भागांत दाखवलेली टक्केवारी आणि खरी शक्यता यांत फरक असतो. गेम दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेतो, त्यामुळे ७० दिसतं तेव्हा वार प्रत्यक्षात सुमारे ८२ टक्के वेळा लागतो. माणसाच्या मनाला ७० ‘जवळपास नक्की’ वाटतात म्हणून केलेली ही सोय. मग तेच मूल ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ खेळायला बसलं, जिथे ७० म्हणजे खरेच ७०, की म्हणतं हा गेम खराब आहे. मोठ्या मुलांना हे गणित उलगडून दाखवा, त्यांना फार आवडतं.

तरीही ‘गणिताचे मार्क वाढतील’ या आशेने घेऊ नका. तसं मी कोणाला सांगत नाही. बुद्धिबळाच्या क्लासबद्दलही नाही.

मार्कांपेक्षा मला इंग्रजीची चिंता जास्त असते. थ्री हाउसेसमध्ये वाचायला प्रचंड आहे आणि एक वाट पुरी करायला सहज ४०-५० तास लागतात. मुलाला इंग्रजी सरसर वाचता येत नसेल तर तो संवाद पटापट पुढे ढकलेल, आणि गोष्ट काढून टाकली की उरतं ते नुसतं मारणं. म्हणजे आईला नको असलेला खेळ आपणच तयार करून दिला. गटातल्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी मी संवाद मोठ्याने वाचते, आवाज काढून, आणि अवघड जागी मराठीत सांगते. घरीही हे जमण्यासारखं आहे. नाहीच जमलं तर कमी बोलणारा गेम घ्या.

तसे आहेत. स्विच घरात आहेच, तर ‘मारिओ + रॅबिड्स किंग्डम बॅटल’ (२०१७) हा या वयाला सुरुवात करायला माझा पहिला पर्याय. त्यात मरण नाही, विनोद आहे, आणि नशीब अगदी सोपं करून ठेवलंय: शत्रू उघड्यावर असेल तर नेम १०० टक्के, अर्ध्या आडोशामागे ५०, पूर्ण आडोशामागे शून्य. आडोसा, बाजूने जाणं, एकमेकांना पुढे उडी मारायला मदत करणं, सगळा पाया तिथे पक्का होतो. त्यापुढे ‘इन्टू द ब्रीच’ (२०१८). पट आठ बाय आठचा, आपली यंत्रं तीन, आणि शत्रू पुढच्या टर्नला नेमका कुठे वार करणार हे आधीच दाखवलेलं. शत्रू मारण्यापेक्षा शहरातल्या इमारती वाचवणं जास्त मोलाचं. ‘मारलं’ म्हणून नाचणारा मुलगा तिथे पहिल्यांदा ‘वाचवलं’ म्हणतो. लढाया छोट्या असतात, शाळेच्या दिवशीही बसतात. स्विच नसलेल्या घरांसाठी वेस्नॉथ: जुन्या लॅपटॉपवरही चालतो, फुकट आहे, मुक्त स्रोत (ओपन सोर्स) आहे, आतमध्ये काही विकत नाही. दिवस-रात्रीप्रमाणे सैनिकांचं बळ बदलतं, त्यामुळे कधी थांबायचं हेही शिकावं लागतं. ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ १९९७ चा, २०२५ मध्ये नव्या रूपात आलाय. अप्रतिम आहे, पण त्यातलं राजकारण आणि दगाफटका आठवी-नववीच्या आधी कळत नाही. ‘एक्सकॉम’ मुलांसाठी नाही, विषय संपला.

पैशाच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, कारण नावं फसवतात. मुलगा उद्या म्हणेल, ‘बाबा, फायर एम्ब्लेम मोबाइलवर फुकट आहे!’ तो ‘फायर एम्ब्लेम हीरोज’, २०१७ चा. तिथे पात्रं सोडतीने मिळतात आणि सोडतीची तिकिटं पैशाने विकत मिळतात. बेल्जियमने पैसे घेऊन सोडतीने वस्तू देणाऱ्या अशा पेट्यांना (लूट बॉक्स) जुगार ठरवल्यावर निन्टेन्डोने २०१९ मध्ये हा गेम त्या देशातून काढून घेतला. आपल्याकडे २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. त्यामुळे कायदा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एकदाच पैसे भरून घेतलेला महाग गेम मला अशा फुकट गेमपेक्षा शंभरदा परवडतो. आणि घरातल्या कुठल्याही फोनवर खरेदीला पासवर्ड लावलेला हवाच.

आजीला किंवा शेजाऱ्यांना ‘व्यसन लागेल’ ही भीती असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात, २०२२ पासून लागू झालेल्या, गेमिंगचा विकार आहे खरा. पण त्यासाठी ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, एवढं लागतं. सुट्टीत एका आठवड्यात झपाटून खेळणं म्हणजे ते नव्हे. झोप कमी झाली, मैदानावर जाणं सुटलं, मित्र तुटले, तर मात्र वर्षभर वाट बघू नका, लगेच शाळेतल्या समुपदेशकांशी बोला.

म्हणजे तुमच्या घरापुरतं माझं उत्तर असं: थ्री हाउसेस आज लगेच नको, पण ‘कधीच नको’ही नको. आधी मारिओ + रॅबिड्स आणा, तुम्ही दोघंही आलटून पालटून बसा, आणि त्याचं हरणं बघा. कंट्रोलर आपटतो, रीसेट मारतो, की ‘थांब, इथे चुकलं’ म्हणतो? हे तिसरं अधूनमधून तरी ऐकू यायला लागलं, हाकेला बटण दाबून उठायला लागला, की सातवीच्या सुट्टीत थ्री हाउसेस द्या, कॅज्युअल मोडवर. अट एकच घाला, संवाद वगळायचे नाहीत. आणि कुठला गट निवडायचा ते त्याचं त्याला ठरवू द्या, मामेभावाला नव्हे. त्याच्या आईला मठाचा भाग बघायला जरूर बोलवा. तिथे कोणी लढत नाही, नुसती माणसं भेटतात. युद्ध सुरू होईल तेव्हा तीही त्या मुलांना ओळखत असेल आणि मुलाचा प्रश्न आला तर तो कोणाबद्दल आहे हे तिला सांगावं लागणार नाही.

आधीचा टप्पा झाला की काय दिसलं ते इथे लिहा. विशेषतः तो रीसेट फार मारत असेल तर नक्की लिहा, त्यावर करण्यासारख्या आणखी काही गोष्टी आहेत, पण त्या मुलाला पाहिल्याशिवाय सांगण्यात अर्थ नाही.